गिरणीचं वळण

फोंताल्बा, १४ जानेवारी २०१९

प्रिय लोरेतो,

हे पत्र तुझ्या आईने सांगितलं म्हणून लिहीत नाहीये. म्हणजे सांगितलं तिनेच, पण मजकूर माझा आहे.

दर रविवारी तुझा फोन वाजला की मी सरपण आणायला अंगणात जातो, हे तुझ्या लक्षात आलं असेल. जुलैमध्येसुद्धा जातो. काल तू फोन ठेवल्यावर मी सहज म्हटलं, "तिला सांगायचंस की, सायकलमार्गांच्या कामात मला घेतलंय." तर तुझी आई म्हणाली, "बावीस वर्षं इकडचं तिकडे करतेय मी, देसी. आता माझे गुडघे गेले. सांगायचंय ना तुला? मग हात मोडलेत का तुझे?"

हात धड आहेत. म्हणून लिहितोय.

बातमी अशी की खोऱ्यातल्या सात गावांनी मिळून मातारान्या नदीच्या दोन्ही काठांनी सायकलवाल्यांसाठी मार्ग आखायचं ठरवलंय. पाट्या, नकाशे, पाणी भरायच्या जागा, सगळं. मागच्या वसंतात हॉलंडची सतरा माणसं सायकलवरून आली. ब्लासाच्या बारमधली सगळी ऑम्लेटं संपवली आणि मग रस्त्याचे फोटो काढत बसली. रस्त्याचे! चर्चचा एकही नाही. तेव्हापासून आमच्या सरपंचाने, आमादेओने, हा ध्यास घेतलाय. शाळेत नऊ मुलं उरलीत. बेकरी आठवड्यातून चारच दिवस उघडते. काहीतरी करायला हवंच होतं.

मार्ग आखायला सारागोसाहून आर्ताल नावाचा इंजिनियर आला. तिशीचा, दाढीवाला, पायात स्वच्छ बूट. पहिल्याच सभेत त्याने भिंतीवर नकाशा दाखवला आणि नदीकाठच्या रस्त्यावर बोट ठेवून म्हणाला, "उन्हाळ्यात हा एक नंबर."

मी मागून म्हटलं, "जुलैत दुपारी तीननंतर तिथलं डांबर पाघळतं. टायर चिकटतील."

"काका, उपग्रहाच्या फोटोत तर छान दिसतोय."

"उपग्रहाला कुठे सायकल चालवायचीय?"

सगळे हसले. त्याने विचारलं, हे कोण? ब्लासा म्हणाली, "हा आमचा मैलकुली. सदतीस वर्षं रोज रस्ता धूत होता, स्वतः मात्र शनिवारीच आंघोळ करायचा."

पण पोरगा शहाणा निघाला. सभा संपल्यावर वही घेऊन माझ्यासमोर येऊन बसला. मी त्याला सांगितलं, पाइनच्या सावलीत जानेवारीत अकरा वाजेपर्यंत बर्फ कुठे धरून असतो. उत्तरेचा वारा कुठल्या कोपऱ्यावर माणसाला आडवा करतो. पावसानंतर डोंगरी बकऱ्या कुठे दगड पाडतात. कुठल्या मोरीत पाणी तुंबतं. त्याची वही संपली. दुसऱ्या दिवशी त्याने आमादेओला सांगितलं, हे गृहस्थ सोबत नसतील तर मी काम करणार नाही.

मला हे कुणालातरी सांगायचं होतं. तुझ्या आईला सांगून झालं. ती म्हणाली, "तिसऱ्यांदा ऐकतेय."

चार मार्ग ठरलेत. तीन मला पसंत आहेत. खिंडीवरून आपल्या गावात उतरणारा जो आहे, तो मी खोडायला लावलाय. बकऱ्या दगड पाडतात म्हणून.

तुझे बाबा

फोंताल्बा, १० फेब्रुवारी २०१९

प्रिय लोरेतो,

बदाम फुललेत. तुझं उत्तर नाही. यायला हवं होतं असं माझं म्हणणं नाही.

आर्तालने मला विजेवर चालणारी सायकल आणून दिली. मी म्हटलं, असल्या यंत्रावर मी बसणार नाही. मग बसलो. लोरेतो, त्र्याहत्तराव्या वर्षी मी ऑलिव्हच्या मळ्यांमधला तो सगळा चढ गाणं म्हणत चढलो! आर्ताल मागे राहिला. वाटेत हुआकीन भेटला, तुला गाडीत घालून इस्पितळात नेणारा गिरणीवाला. तो ओरडला, "देसिदेरिओ, पोलीस मागे लागलेत का?" मी हातसुद्धा हलवला नाही. दोन्ही हातांनी सायकल धरली होती.

आजपर्यंत मी हा रस्ता खाली मान घालून बघितला. फावड्याच्या उंचीवरून. तडा कुठे गेलाय, चर कुठे भरलाय, एवढंच. सायकलवरून पहिल्यांदा कळलं की ज्या वळणावर मी मोरी बांधली होती, तिथून नदी दोन ठिकाणी एकदम दिसते. आर्ताल म्हणाला, "काका, इथे बाक ठेवू या." मी म्हटलं, "ठेव. पण कठड्याला टेकवून ठेव, नाहीतर वारा नेईल." बाक ठेवलाय. त्याच्यामागच्या कठड्याचा एकेक दगड मी रचलेला आहे. आता लोक त्यांच्याकडे पाठ करून बसणार. चालेल.

पण कालची सभा बिघडली. आर्ताल एकटा खिंडीवरून उतरून आला होता. आल्या आल्या म्हणाला, "इतका सुंदर उतार मी अख्ख्या प्रांतात पाहिलेला नाही. हा मार्ग का खोडताय?"

मी म्हटलं, "बकऱ्या."

"बकऱ्या पहिल्या मार्गावरही आहेत. तिथे तुम्हीच जाळी लावायला सांगितलीत."

ब्लासा उठून उभी राहिली. "हे बघ देसी, बाकीचे तिन्ही मार्ग खालच्या गावांतून जातात. खिंडीवरून उतरणारा तेवढा एक आपल्या गावात येतो. तो खोडलास तर सायकलवाला आपल्या दारात येणारच नाही. माझा बार राहू दे. पण बेकरी? तूच रस्त्याचा माणूस आणि तूच गावाच्या पोटावर पाय देतोस?"

तुझी आई दुसऱ्या रांगेत बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली नाही. मी टोपी घेऊन बाहेर पडलो.

बकऱ्यांचं कारण खोटं आहे. आज एवढंच लिहिता येतंय.

बाबा

फोंताल्बा, ३ मार्च २०१९

लोरेतो,

हे तीनदा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं पाठवणार आहे.

१६ जून १९९६. तुझ्या सायकलशर्यतीतल्या पहिल्या तीन मुलींना राष्ट्रीय स्पर्धेला पाठवणार होते, आणि शर्यत शेवटी खिंडीवरून उतरून आपल्या गावात संपणार होती. माझ्या ताब्यातल्या अकरा किलोमीटरवरून. तो अख्खा आठवडा मी काय केलं हे तू बघितलं होतंस. दोन्ही बाजूंचं गवत कापलं. चर उपसले. कठड्याचे दगड चुन्याने रंगवले. तू म्हणालीस, "बाबा, राजा येणारेय का?" मी म्हटलं, "तू येणारेस."

शनिवारी संध्याकाळी शेवटची फेरी मारताना गिरणीच्या वळणावर आतल्या बाजूला एक खड्डा दिसला. तळहाताएवढा. तो एप्रिलपासून तिथे होता. कुणाचं काही बिघडलं नव्हतं, आणि तुझ्या वाटेत तर तो येणारच नव्हता. पण दुसऱ्या दिवशी सगळं खोरं माझा रस्ता बघणार होतं, आणि त्यावरून माझी मुलगी पहिली येणार होती. मला एकही खड्डा नको होता. मी डांबर ओतलं, वर खडी टाकली, फावड्याने ठोकली. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी असलं काम करायचं नसतं. हे मैलकुलीला पहिल्या वर्षी शिकवतात. मी तेविसाव्या वर्षात होतो.

सकाळी पंचांच्या गाड्या त्यावरून गेल्या. डांबर धरलेलं नव्हतं. खडी उडून वळणभर पसरली.

मी खाली गिरणीपाशी उभा होतो. तू चाळीस सेकंदांनी पुढे आहेस असं लाउडस्पीकरवर सांगितलं. मी शेजारच्या माणसाला म्हटलं, "ती माझी." मग आवाज ऐकला.

मी वर धावलो. तू कठड्याला टेकून पडली होतीस, खांदा भलत्याच जागी होता, पण तू बोलत होतीस. "खडी, खडी होती" म्हणून ओरडत होतीस. लोक तुझ्याभोवती जमले. हुआकीन गाडी घेऊन आला. तेवढ्या वेळात मी माझ्या व्हॅनमधून खराटा काढला आणि वळण झाडलं.

हेच सांगायचं होतं. मी झाडलं.

शर्यतीचा सचिव सेवेरो वर पोचला तेव्हा वळण ताटासारखं स्वच्छ होतं. त्याने विचारलं, "देसिदेरिओ, पोरगी म्हणते खडी होती." मी म्हटलं, "माझ्या रस्त्यावर खडी नसते. पोरगी वेगात होती." त्याने वहीत लिहिलं, चालकाची चूक. निवड करणारे म्हणाले, मुलीच्या पायात जोर आहे, पण उतारावर डोकं ठिकाणावर राहत नाही. ते तुला कायमचं चिकटलं. ते मी चिकटवलं. डांबर नीट लावता आलं नाही, हे मात्र छान धरलं.

तू ऑगस्टमध्ये बार्सेलोनाच्या बसमध्ये बसलीस. हात अजून प्लास्टरमध्ये होता. तू म्हणालीस, "डॉक्टरने कोपरातून पाच खडे काढले. माझ्याकडे आहेत. बघायचेत?" मी म्हटलं, "चरातले असतील."

तुझ्या आईला मी कधी सांगितलं नाही. खराट्याला लागलेलं डांबर तिने त्याच संध्याकाळी पाहिलं. तिनेही कधी विचारलं नाही. आम्ही दोघं त्या खराट्याबद्दल न बोलता बावीस वर्षं जेवतोय.

माफी मागायला हे लिहिलेलं नाही. तू वेगात नव्हतीस. तू त्या वळणावर जशी यायला हवी तशीच आली होतीस. हे मला तेव्हाही माहीत होतं.

बाबा

फोंताल्बा, ६ एप्रिल २०१९

प्रिय लोरेतो,

तुझं कार्ड मिळालं. तू राहतेस त्या बेल्जियममधल्या दगडी रस्त्याचं चित्र आहे. (सांधे फार रुंद ठेवलेत.) मागे चार शब्द आणि नाव. "वळण आता कसं आहे?"

तू रस्त्याबद्दल विचारलंस, म्हणून मी रस्त्याबद्दलच सांगतो.

वाईट आहे. माझ्या निवृत्तीनंतर नवं डांबर घालताना उतार बाहेरच्या बाजूला दिला. सायकलवाला आपोआप कठड्याकडे ओढला जाईल. पाइनच्या मुळांनी दोन जागी फुगवटा आणलाय. हे मी आर्तालला जानेवारीतच सांगायला हवं होतं. पण एकदा त्या वळणावर बोलायला लागलो असतो तर सगळंच बोलावं लागलं असतं.

ते आता बोलून झालंय. वीस मार्चला सभा होती. मी हात वर केला आणि उभा राहून सांगितलं. तुला लिहिलं तेच, तेवढंच. ब्लासाच्या बारमध्ये फ्रिजचा आवाज येत होता.

सेवेरो आता चौऱ्याऐंशीचा आहे, त्याला कमी ऐकू येतं. तो म्हणाला, "काय म्हणतोय हा?" ब्लासाने त्याच्या कानाशी जाऊन, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "म्हणतोय की खडी होती! यानेच टाकली आणि यानेच झाडली!" म्हणजे मला ते दुसऱ्यांदा ऐकावं लागलं, तेही ब्लासाच्या तोंडून.

हुआकीन उठला. "मी तिला गाडीत घालून इस्पितळात नेली होती," तो म्हणाला. "सगळ्या वाटेने ती एकच विचारत होती, बाबा काय म्हणाले? मी काय सांगायचं होतं रे तिला?" आणि निघून गेला. अजून माझ्याशी बोलत नाही. बेकरीत मी शिरलो की तो बाहेर पडतो. त्याचं बरोबर आहे.

सेवेरो काठी टेकत घरी गेला आणि वीस मिनिटांनी सायकल क्लबची जुनी वही काखेत घालून परत आला. पान उघडलं, "चालकाची चूक" यावर रेघ मारली, आणि खाली लिहिलं: "रस्त्यावर सैल खडी होती. चालकाची चूक नाही." मग वही माझ्यापुढे सरकवली. "सही कर." मी केली. तो म्हणाला, "तारीख आजची घाल. उशीर कुणाला झाला ते कळू दे."

त्या पानाची प्रत सोबत पाठवतोय. वही सेवेरोकडेच आहे. कुणीही मागितली तर दाखवतो. काही जणांना तर न मागताच दाखवलीय.

मग आर्तालने हळूच विचारलं, "म्हणजे काका, वळण दुरुस्त केलं तर खिंडीवरचा मार्ग घ्यायचा ना?" मी म्हटलं, "घ्यायचा. पण मी सांगेन तसं दुरुस्त व्हायला हवं."

रस्ते खात्याची टोळी चार दिवस आली. मुकादम तरुण, भला माणूस आहे. मी खुर्ची टाकून वळणावर बसलो. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "आजोबा, उन्हात बसू नका." दुसऱ्या दिवशी म्हणाला, "आजोबा, इथे उतार किती देऊ?" मुळं कापली, थर खरवडून काढला, उतार आतल्या बाजूला दिला, रोलर सात वेळा फिरवला. त्यांना सहा पुरे वाटत होते. पूर्ण धरल्याशिवाय वाहन सोडायचं नाही, म्हणून तीन दिवस रस्ता बंद ठेवायला लावला. सरपंचाची गाडीसुद्धा अडवली. मग झाडून घेतला. दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर.

आता वळण चांगलं आहे, लोरेतो. हे मी तुझा बाप म्हणून नाही, मैलकुली म्हणून सांगतोय.

बाबा

फोंताल्बा, २१ मे २०१९

प्रिय लोरेतो,

तुमची गाडी बेल्जियमला सुखरूप पोचल्याचं तुझ्या आईने फोनवर ऐकलं. मी आत होतो. सरपण आणायला गेलो नाही. पुढच्या रविवारी फोन माझ्याकडे दे म्हणून सांगितलंय. ती म्हणाली, "बघू, मुलगी हो म्हणाली तर."

तू येणार आहेस हे तिला तीन आठवडे माहीत होतं आणि तिने अवाक्षर काढलं नाही. या घरात गुपित ठेवायला सगळ्यांनाच येतं.

शनिवारी काय झालं ते तुला ठाऊक आहे, तू तिथेच होतीस. पण त्या वेळी मला काही बोलता आलं नाही, म्हणून मी काय बघितलं ते लिहितो.

मार्गांच्या उद्घाटनाला एकशे चाळीस सायकली होत्या. मला पिवळं जाकीट घालून गिरणीच्या वळणावर झेंडा देऊन उभं केलं होतं. पहिले तीस-चाळीस जण उतरले. प्रत्येकाने वळणाआधी ब्रेक दाबला, तसा दाबायचा असतोच. मग वरच्या पाइनमधून एकटी बाई आली. हेल्मेट होतं, काळा चष्मा होता, तोंड दिसत नव्हतं. पण कोपर आत घेऊन, आतला गुडघा किंचित बाहेर काढून वळणात शिरायची ती पद्धत मी ओळखली. माझ्या हातातला झेंडा खाली आला. तू ब्रेकला हात लावला नाहीस. रस्ता कसा आहे हे तुला फक्त माझ्या पत्रातून माहीत होतं.

पुढे जाऊन तू थांबलीस आणि सायकल ढकलत वर आलीस. "तो खड्डा कुठे होता?" तू विचारलंस.

मी जागा दाखवली.

"एवढासा?"

"एवढासाच."

"मला वाटलं होतं मोठा असेल," तू म्हणालीस. आणि मग, "मी माफ केलं असं म्हणणार नाहीये, बाबा."

"मी तसं म्हटलेलं नाही."

"मग रडताय कशाला?"

"वारा आहे."

"वारा मागून आहे," तू म्हणालीस. हे बरोबर होतं. वाऱ्याच्या बाबतीत तुला फसवता येणार नाही. "माझ्या संघातल्या मुली येतायत मागून. सहाजणी आहेत. झेंडा वर करा."

मी वर केला. लोरेतो, त्या सहाजणी त्या वळणातून एका ओळीत अशा गेल्या की माझ्या शेजारी उभा असलेला सारागोसाचा पत्रकार म्हणाला, "यांना कुणी शिकवलं?" मी त्याला नाव सांगितलं. आडनावासकट, माझ्या आणि तुझ्या आईच्या, दोन्ही आडनावांसकट. त्याने स्पेलिंग चुकवलं, मी दुरुस्त करून घेतलं. उतारावर जिचं डोकं ठिकाणावर राहत नाही असं म्हणत होते, ती आता अर्ध्या युरोपच्या पोरींना उतार शिकवते, हेही लिहायला लावलं.

दुपारी तू जेवायला आलीस, तुझ्या आईच्या कोकराच्या रश्शाला नावं ठेवलीस, माझ्याशी फार बोलली नाहीस. मी अपेक्षा केली नव्हती. हुआकीन दारात येऊन तुला भेटून गेला आणि जाताना माझ्याकडे बघून मान हलवली. एवढं पुरे.

पण तू गेल्यावर जे झालं ते तुला माहीत नाही. रविवारी मी ब्लासाकडे गेलो. ती म्हणाली, "अरे देसी, काल तुझ्या लेकीच्या पोरी इथे बसल्या होत्या. त्यातली ती उंच, लाल केसांची, चिडलेली होती. वळणावरच्या पिवळ्या जाकिटातल्या म्हाताऱ्याने तिला केळ्याच्या सालीवरून सगळ्यांसमोर झापलं म्हणे."

मी म्हटलं, "झापलं. रस्त्यात साल टाकली तिने."

"ऐकून घे ना आधी. ती म्हणाली, हा कोण लागून गेलाय? रस्ता काय त्याच्या बापाचा आहे का? आणि तुझी लोरेतो कॉफी ढवळत होती. ती मान वर न करता म्हणाली, त्याच्या बापाचा नाही. माझ्या बापाचा आहे. परत जा आणि साल उचलून आण."

"आणि मग?"

"मग काय? गेली बिचारी. अडीच किलोमीटरचा चढ."

मी ब्लासाला ते पुन्हा सांगायला लावलं. तिने सांगितलं. कॉफी ढवळत होती म्हणजे कशी, बसली कुठे होती, आवाज कसा होता, हे विचारलं. तिने तुझ्या खुर्चीवर बसून, चमचा हातात घेऊन करून दाखवलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाली, "देसी, मला गिऱ्हाइकं आहेत. निदान कॉफी तरी घे."

मी कॉफी घेतली, आणि मग चौथ्यांदा विचारलं.

तुझे बाबा